पट्टीच्या पोहणारीला

बाय गो, दिवाळीनंतर तू मालवणात येणार आणि स्कूबाचा पुरता कोर्स करणार, असं ताईने सांगितलं. फार बरं वाटलं. मागच्या मे महिन्यात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ तू जी बुडी मारलीस, तिच्यात सगळं काम गाइडने केलं होतं. टाकी त्याने धरली, जॅकेटात हवा त्याने भरली, कुठे वळायचं ते त्याने ठरवलं. तुला फक्त श्वास घ्यायचा होता आणि कॅमेऱ्याकडे बघायचं होतं. ती पाण्याखालच्या जगाशी ओळख झाली. आता शिकायचं म्हणजे ती सगळी कामं तुझ्या हातात येणार. तुझा इन्स्ट्रक्टर सगळं सांगेलच, पण तो वर्गातल्या सगळ्यांना एकच सांगेल. मी तुला ओळखते, म्हणून तुझ्यापुरतं सांगते.

तू पट्टीची पोहणारी आहेस आणि मला काळजी त्याचीच आहे. पाण्याला घाबरणारी माणसं मी पुष्कळ शिकवली. ती ऐकतात, हळू करतात, शंका विचारतात. पोहणाऱ्याला मात्र वाटतं, पाणी आपलंच आहे. त्याच्या अंगात मुरलेल्या सवयी पाण्याच्या वरच्या थरातल्या असतात. दम धरायचा, हात मारायचे, जोर लावायचा आणि अडचण आली की झटकन वर यायचं. खाली यातली एकही सवय कामाची नाही. दोन तर जिवावर बेतणाऱ्या आहेत.

पहिली दम धरण्याची. सुट्टीत आजोळच्या विहिरीतून तळाची माती आणायची पैज लागायची, तेव्हा तू वरून छातीभर हवा घेऊन खाली जायचीस. समुद्रात दहा मीटर खाली गेलं की दाब वरच्या दुप्पट होतो. वरून नेलेली हवा तिथे आकसून निम्मी होते आणि वर येताना पुन्हा पहिल्याइतकी होते. फुप्फुसाला त्यातून काही होत नाही. टाकीतून घेतलेल्या श्वासाचं तसं नसतं. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्याँ या दोघांनी जो रेग्युलेटर तयार केला, त्याची करामतच ही की तो आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाची हवा तोंडात देतो. म्हणून तर छातीवर पाण्याचा एवढा भार असूनही श्वास सहज आत येतो. पण मग दहा मीटरवर छाती भरून घेतलेल्या एका श्वासात वरच्या हिशेबाने दोन श्वासांची हवा असते. तो श्वास रोखून वर आलीस तर ती हवा फुगत दुप्पट होणार, आणि फुप्फुसात तेवढी जागा नाही. मग फुप्फुस आतून फाटतं, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात, मेंदूपर्यंत पोचू शकतात. याला दहा मीटरही लागत नाहीत. छाती पूर्ण भरलेली असेल तर मीटर-सव्वा मीटर वर येणंही पुरे होऊ शकतं. म्हणजे शिकण्याच्या तलावातही हा धोका आहे.

म्हणून श्वास कधीही, कुठल्याही कारणाने रोखायचा नाही. रेग्युलेटर तोंडात नसेल तेव्हाही ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचे. कोर्समध्ये रेग्युलेटर तोंडातून काढून पुन्हा शोधायचा सराव असतो. उजवा खांदा खाली झुकव, हात मांडीपासून मागे नेऊन मोठ्या वळणाने पुढे आण, नळी हातावर येतेच. तोवर हळू ‘आ’ म्हणत राहा. हा सराव तुला सोपा वाटेल, पण तुझी खरी परीक्षा मास्क काढण्याच्या सरावात होईल. नाकाशी पाणी आलं की पोहणाऱ्याचा दम आपोआप धरला जातो, त्याला कळतही नाही. यावर घरी करण्यासारखा एक सराव आहे. मोठ्या बादलीत पाणी घे, स्नॉर्केल तोंडात धर, नाक उघडं ठेवून चेहरा पाण्यात बुडव आणि फक्त तोंडाने श्वास घेत राहा. ताईला जवळ बसव. सुरुवातीला जीव घुसमटतो, मग नाक गप्प बसायला शिकतं. दिवाळीपर्यंत रोज पाच मिनिटं कर.

आता श्वासाच्या चालीबद्दल. टाकीत ऑक्सिजन असतो असं लोक म्हणतात, पेपरातही तसंच छापतात. टाकीत आपली नेहमीचीच हवा दाबून भरलेली असते. निव्वळ ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली दाबामुळे विषारी ठरू लागतो. आपल्याकडे सर्रास दिसते ती ऐंशी घनफुटी अॅल्युमिनियमची टाकी. तिची पोकळी साधारण ११ लिटरची, भरताना दाब २०० बार, म्हणजे सुमारे २,२०० लिटर हवा. शेवटचे ५० बार राखीव, ते वर येण्यासाठी आणि अडचणीसाठी. उरली १,६५० लिटर. निवांत श्वास घेणाऱ्याला वर मिनिटाला वीसेक लिटर हवा लागते असं धर. दहा मीटरवर चाळीस लागणार, वीस मीटरवर साठ. तीच टाकी दहा मीटरवर एकेचाळीस मिनिटं पुरते आणि वीस मीटरवर जेमतेम सत्तावीस. धडपड करणारा माणूस याच्या दुप्पट हवा सहज संपवतो, आणि पोहणारे सुरुवातीला धडपडच करतात. आत घेताना मनात चार मोज, सोडताना सहा मोज. हवा वाचवायची म्हणून दोन श्वासांच्या मध्ये थांबायचं नाही. त्याने अंगात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि वर आल्यावर डोकं ठणकतं.

हात मारायचे नाहीत. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशेपट घन आहे. तिथे हातांनी काही होत नाही, फक्त दम लागतो आणि तळाचा गाळ उठतो. हात पोटाशी बांधून ठेव. पायाची लाथ कमरेतून, लांब आणि सावकाश मार. फ्रीस्टाइलची भरभर लाथ तिथे कुचकामी आहे. कुठे पोचायचं नाही हे डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. तुझा दहा वर्षांचा सगळा सराव कमीत कमी वेळात पलीकडची भिंत गाठण्याचा आहे. इथे जो सगळ्यात सावकाश जातो त्याला सगळ्यात जास्त दिसतं आणि त्याचीच हवा जास्त पुरते.

कानाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नवख्यांच्या दुखापतींत कानाचीच दुखापत सर्वांत जास्त होते. उंच बोर्डवरून सूर मारला की कान दुखतो आणि दोन क्षणांत थांबतो, त्यामुळे ते दुखणं सोसायची तुम्हा लोकांना सवय असते. बुडीत कानाचं दुखणं सोसायचं नाही. सोसावं लागलं तर उशीर झाला आहे. पडद्याच्या बाहेर पाण्याचा दाब वाढतो आणि आतल्या पोकळीत वरचीच हवा असते. घशातून कानाकडे जाणारी नळी उघडून आत हवा पोचवली की दोन्हीकडचा दाब सारखा होतो. त्यासाठी नाक चिमटीत धरून तोंड मिटून हळू फुंकायचं. ही युक्ती इटलीतल्या वाल्साल्वा नावाच्या वैद्याच्या नावाने ओळखली जाते. कुणाला नाक धरून आवंढा गिळल्याने जमतं, कुणाला जबडा पुढे काढून डावीकडे-उजवीकडे हलवल्याने. तुला कुठलं जमतं ते घरी बसून शोध.

होडीतून उतरण्याआधी एकदा कान मोकळे कर. मग दर अर्ध्या-एक मीटरला, दुखण्याआधी. सगळ्यात जपायचं ते पहिल्या दहा मीटरांत, कारण दाब पहिल्यांदा दुप्पट होतो तो तिथेच. दोर धरून पाय खाली, डोकं वर ठेवून उतर. सूर मारल्यासारखी डोकं खाली करून गेलीस तर तीच नळी उघडायला जास्त त्रास देते. कान नाही उघडला तर मीटरभर वर ये आणि पुन्हा कर. दोन-तीनदा करूनही नाही उघडला तर त्या दिवसाची बुडी संपली. जोराने फुंकून कान उघडायला जाणाऱ्याच्या आतल्या कानाचा पडदा फाटू शकतो आणि ऐकू येणं कायमचं कमी होऊ शकतं. सर्दी असेल तर उतरायचंच नाही. सर्दीची गोळी घेऊन उतरलीस आणि खाली गेल्यावर तिचा असर संपला, तर वर येताना हवा कानात अडकते, आणि वर तर यावंच लागतं. बुडी झाल्यावर कान गोड्या पाण्याने धू. काडी घालू नकोस.

तुझा पोहण्याचा चश्मा घरीच ठेव. त्यात नाक बाहेर राहतं. मास्कमध्ये नाक आत असतं, कारण खाली जाताना मास्कमधली हवाही आकसते आणि काच डोळ्यांवर ओढली जाते. तेव्हा नाकातून थोडी हवा मास्कमध्ये सोडायची. हे विसरणाऱ्यांचे डोळे वर आल्यावर रक्ताळलेले दिसतात. नवीन मास्कच्या काचेवर कारखान्यातला थर असतो, तो टूथपेस्टने घासून काढ. दर वेळी उतरण्याआधी आत थुंकी फिरवून धू, म्हणजे काच धुरकट होत नाही. डोक्याला तेल लावून येऊ नकोस, काजळ नको, आणि केसांची एकही बट रबराखाली राहू देऊ नकोस. मास्कात पाणी आलं तर वरची कड दाबून, मान किंचित वर करून नाकातून हवा सोड, पाणी खालून निघून जातं. पैसे खर्च करायचेच झाले तर पहिला मास्क घे, चेहऱ्याला बसणारा. मग फिन्स. कॅमेरा वर्षभर घेऊ नकोस. हातात कॅमेरा आला की माणसाचं खोलीकडे, हवेकडे आणि सोबत्याकडे लक्ष राहत नाही.

तरंगण्याचं गणित हेच खरं स्कूबा. बाकी सगळं त्यासाठी. कमरेच्या पट्ट्यात किती वजन लागतं ते दर वेळी नव्याने पाहायचं, कारण तलावातल्या गोड्या पाण्यापेक्षा समुद्रात जास्त लागतं आणि जाड सूट घातला की आणखी. टाकी भरलेली असताना जॅकेट रिकामं करून नेहमीचा श्वास घेतलास आणि पाणी डोळ्यांच्या रेषेला राहिलं, की वजन जवळपास बरोबर. मग थोडंसं वाढवून घ्यायचं, कारण टाकीतली हवा संपत जाते तशी ती दोनेक किलोने हलकी होते. हौशी पर्यटकांना तळाशी धरून ठेवायला पट्ट्यात भरपूर शिसं घालतात. शिकणाऱ्याने ती सवय लावून घ्यायची नाही. जास्त वजन म्हणजे जॅकेटात जास्त हवा, आणि जास्त हवा म्हणजे खोली बदलली की जास्त गडबड. जॅकेटचं बटण थोडं थोडं दाबायचं आणि वाट पाहायची. हवा भरल्याचा परिणाम लगेच दिसत नाही, म्हणून नवखा पुन्हा दाबतो. मग चुलीवरचं दूध जसं बराच वेळ शांत असतं आणि एका क्षणात उतू जातं, तसा तो वर सुटतो. जितका वर जातो तितकी जॅकेटातली हवा फुगते, जितकी फुगते तितका आणखी वेगाने वर. असं झालंच तर हवा सोडायचा दोर ओढ आणि श्वास सोडत राहा. एकदा तरंगणं जमलं की वर-खाली होणं फक्त श्वासाने साधतं. आत घेतलास की वीतभर वर, सोडलास की वीतभर खाली. ते ज्या दिवशी जमेल त्या दिवशी तुला डाइव्हिंग आलं असं मी म्हणेन.

आता दुसरी जिवावरची सवय, झटकन वर येण्याची. खाली असताना दाबामुळे हवेतला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. सावकाश वर आलं तर तो फुप्फुसावाटे निघून जातो, घाईने आलं तर अंगातच त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, मुंग्या येतात, चक्कर येते, हातपाय लुळे पडू शकतात. स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ हाल्डेन यांनी १९०८ साली याची पहिली कोष्टकं छापली. आज तेच काम मनगटावरचा कॉम्प्युटर करतो. मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेगाने वर यायचं नाही. आपल्याच सगळ्यात बारीक बुडबुड्यांच्या मागे राहायचं. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, कंटाळा आला तरी. कोर्स पुरा झाल्यावर तुला १८ मीटरपर्यंत जाता येईल. त्याखाली कोणी ‘चल ना, आणखी थोडं’ म्हणालं तर मान हलवून नाही म्हण. आणि वर पोचल्यावर पहिलं काम जॅकेटात हवा भरणं. मास्क आणि रेग्युलेटर होडीला हात लागेपर्यंत काढायचे नाहीत.

घाटाचं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. विमानाचं सगळ्यांना माहीत असतं. एकच बुडी मारली असेल तर किमान बारा तास, रोज किंवा दिवसातून अनेकदा मारली असेल तर किमान अठरा तास विमानात बसायचं नाही, कारण वर हवेचा दाब कमी असतो आणि उरलेला नायट्रोजन तिथे बुडबुडे करतो. चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून हे आपल्या दारातच आलं आहे. पण दोन हजार फुटांपलीकडचा घाट चढतानाही हेच लागू होतं. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे. दुपारी बुडी मारून संध्याकाळच्या गाडीने आंबोली चढून जाणारी मंडळी मी नेहमी पाहते. तू तसं करायचं नाहीस. शेवटच्या बुडीनंतरची रात्र माझ्याकडे काढायची, जेवायचं, झोपायचं, दुसऱ्या दिवशी उशिरा निघायचं. रात्री कुठे मुंग्या आल्या, सांधा दुखला, अंगावर चट्टे उठले, कारण नसताना फार थकवा वाटला, तर लपवायचं नाही. शंभर टक्के ऑक्सिजन देणं आणि डाइव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांना लगेच कळवणं, हाच त्यावरचा पहिला उपचार. पुन्हा पाण्यात उतरून ते बरं होत नाही.

आपल्या दर्याबद्दल थोडं. पावसाळ्यात इथलं डाइव्हिंग बंद असतं. साधारण ऑक्टोबरपासून मेपर्यंत हंगाम. सकाळी मतलई वारे वाहतात तेव्हा पाणी शांत असतं, दुपारनंतर खारं वारं चढलं की होडी हलायला लागते. म्हणून बुडी सकाळची. तिथी बघायची सवय लाव. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचं पाणी, ओढ जोराची, गाळ उठलेला. सप्तमी-अष्टमी-नवमीच्या भांगाला ओढ कमी आणि पाणी त्यातल्या त्यात निवळ. भरतीची वेळ जुने लोक पाउणकीने काढतात. अष्टमीला आठ पाउणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पुरी भरती. हा अंदाज झाला, नेमक्या वेळेसाठी भरतीचं कोष्टक पाहायचंच. ओढ असेल तर जाताना तिच्याविरुद्ध जायचं, म्हणजे दमल्यावर परतताना तीच आणून सोडते. मालवणचं पाणी अंदमान-लक्षद्वीपसारखं नितळ नाही. कधी आठ-दहा मीटर दिसतं, कधी हातभर. पुष्कळजण त्यामुळे नाक मुरडतात. मला वाटतं शिकायला हेच पाणी बरं. इथे सोबत्याला नजरेआड होऊ न देण्याची सवय पहिल्याच दिवशी लागते. निळ्याशार पाण्यात शिकलेल्यांना ती उशिरा लागते.

सोबती म्हणजे बडी. उतरण्याआधी एकमेकांचं सामान तपासायचं, रोज, ओळखीचा असला तरी. जॅकेट फुगतं का, वजनाचा पट्टा कुठे सुटतो, बकलं लागली आहेत का, टाकीचा नळ पूर्ण उघडा आहे का. नळ पाहताना रेग्युलेटरमधून तीन-चार श्वास घे आणि काट्यावर नजर ठेव. श्वासाबरोबर काटा मागे-पुढे झाला तर नळ अर्धाच उघडलाय. हवेला डिझेलचा वा तेलाचा वास आला तर ती टाकी परत कर, कंप्रेसरने धूर ओढलेला असू शकतो. खाली बोलता येत नाही, आणि आवाज कुठून आला हेही कळत नाही, कारण पाण्यात तो चौपट वेगाने येतो. म्हणून खुणा पक्क्या हव्यात. अंगठा वर केला की आपण ‘झकास’ समजतो, खाली त्याचा अर्थ ‘वर चल’. ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल. तळहात डोलवला की काहीतरी बिघडलंय, मग बिघडलेल्या गोष्टीकडे बोट. मूठ छातीशी म्हणजे हवा कमी, गळ्यावरून हात फिरवला तर हवा संपली. हवा संपली तर वर पळायचं नाही, बडीकडे जायचं आणि त्याचा जादाचा रेग्युलेटर तोंडात घेऊन दोघांनी मिळून सावकाश वर यायचं. बडी हाताच्या अंतरावर असेल तरच हे होतं.

कुठे शिकायचं ते तूच ठरव. तारकर्लीला एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था आहे, इतरही आहेत. चौकशी करताना दराच्या आधी विचार, एका इन्स्ट्रक्टरमागे किती शिकाऊ, होडीवर ऑक्सिजनची टाकी आहे का, कुणाला त्रास झाला तर कुठे नेणार. जो या प्रश्नांनी चिडतो त्याच्याकडे जाऊ नकोस. कोर्समध्ये थिअरी असते, तलावातले सराव असतात, मग समुद्रातल्या चार बुड्या. दोनशे मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं ही अट तू झोपेत पूर्ण करशील, म्हणून तिथे रुबाब दाखवू नकोस. चार दिवसांचा कोर्स अडीच दिवसांत उरकून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार कर आणि निघ.

खाली गेल्यावर हात लावायचा नाही, कशालाच नाही. किल्ल्याभोवतीचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. दगड वाटतो त्यावर पाय ठेवलास की कित्येक वर्षांची वाढ मोडते. मासे जमावेत म्हणून पाव कुस्करणारे दिसतील. त्यांना सांग, किंवा निदान तू तसला व्हिडिओ काढून घेऊ नकोस. पावाला चटावलेले मासे प्रवाळावरचं शेवाळ खाणं सोडतात. खडकाच्या कपारीत हात घातलास तर गोबरा पळेल, पण मोरे ईल पळणार नाही. वाळूत पाकट पुरून बसलेली असते, तिच्या शेपटीचा काटा लागला तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून दवाखाना गाठायचा. खडकांना अडकलेली तुटकी जाळी दिसली की लांबून जा. अडकलीस तर ओढाताण करायची नाही, थांबायचं आणि बडीला सोडवू द्यायचं. आणि लाल रंग पहिल्या पाच-सात मीटरांतच फिका पडतो, त्यामुळे खाली बोट कापलं तर रक्त हिरवट-काळं दिसतं. घाबरू नकोस.

आदल्या रात्री भरपूर पाणी, लवकर झोप, दारू अजिबात नाही. सकाळी हलकं खा. उपाशी उतरू नकोस. होडीत मळमळलं तर क्षितिजाकडे बघ, फोनकडे नाही. खाली असताना उलटी आली तर रेग्युलेटर तोंडातच ठेवून त्यातूनच कर, तो त्यासाठी पुरेसा मोकळा असतो. काढलास तर पुढचा श्वास पाण्याचा येईल. पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं असलं तरी सूट घाल, पाणी अंगातली ऊब हवेच्या वीस-पंचवीसपट वेगाने ओढतं. पाळी आली म्हणून बुडी चुकवायची गरज नाही. शार्क येतात वगैरे गोष्टींना काही आधार नाही. बरं वाटत असेल तर जा, नसेल तर जाऊ नकोस. आणि होडीवर, पाण्यात, अगदी उतरताना दोर हातात असतानाही मन मागे ओढलं तर अंगठा वर करून परत ये. कारण सांगायची गरज नाही. चांगला इन्स्ट्रक्टर विचारतही नाही.

शेवटचं काम आजच करायचं आहे. कोर्सआधी तब्येतीचा एक फॉर्म देतात. हृदय, फिट, कानाची शस्त्रक्रिया, दमा, चालू औषधं, असे प्रश्न असतात आणि एखाद्याचंही उत्तर ‘हो’ असलं तर डॉक्टरांची सही लागते. सही टाळायला लोक सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळे होतात. तुला सातव्या वर्षापर्यंत दमा होता, पंप चालू होता. ताई म्हणेल तो केव्हाच गेला, पोहायला लागल्यापासून एकदाही उठला नाही. तरी तिथे ‘हो’ लिही. श्वासनलिका आकसली तर तिच्यापलीकडे हवा अडकते, आणि अडकलेली हवा वर येताना तेच करते जे रोखलेला श्वास करतो, तू श्वास सोडत असलीस तरीही. छातीच्या डॉक्टरांना स्पष्ट सांग की स्कूबा करायचं आहे. स्पायरोमेट्री करून घे, ते म्हणाले तर व्यायामानंतरची तपासणीही कर. ते नको म्हणाले तर नको. मग स्नॉर्केल घेऊन किल्ल्याच्या खडकांवरून आपण दोघी मिळून पोहू, तिथेही पुष्कळ दिसतं. हो म्हणाले तर सहीचा कागद दिवाळीच्या आधी मला पाठव.